चौथ्या घंटेवरचा आळ

नऊ वर्षं मला जुलाब होत होते. घ्या, लिहिलं एकदाचं. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला तीन दिवस लागले आणि मध्ये दोनदा उठून चहा करावा लागला. माझ्या आईनं आयुष्यात हा शब्द तोंडातून काढला नाही. ती फार तर ‘पोट जरा रुसलंय’ म्हणायची, आणि तेही खिडकीबाहेर बघत.

मी ट्रेव्हर हॅलम, वय त्रेसष्ट, राहणार एल्डरवेल, डर्बीशर, इंग्लंड. कौन्सिलमध्ये पायवाटांचा निरीक्षक होतो. कुठल्या वाटेवर कुठलं कुंपण मोडलंय हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. पुढे पुढे फक्त कुठल्या वाटेपासून कुठलं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, एवढंच डोक्यात राहिलं. दिवसाला सहा-सात वेळा जावं लागायचं, आणि जायचं म्हणजे लगेच, त्याच मिनिटाला. माझ्या बायकोनं, ग्लेनिसनं, दर उन्हाळ्यात समुद्रावर जायचा हट्ट सोडला तो याच पायी, पण मी तिला कारण सांगायचो गुडघ्याचं.

डॉक्टरकडे जात नव्हतो असं नाही. जायचो. पण आमच्या लोकांना एक खोड आहे. डॉक्टरनं ‘कसं काय?’ विचारलं की मरायला टेकलेला माणूससुद्धा ‘तसं बरंय, तक्रार नाही’ म्हणतो. मी आत जायचो, सांगायचो की पोट कधीकधी जरा सैल वाटतं, आणि बाहेर यायचो. ‘कधीकधी जरा सैल’ या वर्णनावर बिचारा डॉक्टर काय करणार? एकदा रक्त तपासलं, एकदा नळी घालून आतडं बघितलं, काही सापडलं नाही. मग त्यांनी सांगितलं, तुमचं आतडं चिडखोर आहे. मला ते पटलं. आमच्या घराण्यात सगळेच चिडखोर आहेत.

आणि मी दोष कुणाला दिला? ग्लेनिसच्या रश्शाला. मग दुधाला, गव्हाला, कांद्याला. त्या बाईनं माझ्यापायी चार वर्षं उकडलेली कोंबडी खाल्ली, आणि मी शुक्रवारी गुपचूप मासे नि तळलेले बटाटे हाणून यायचो आणि शनिवारी पुन्हा रश्शाच्या नावानं खडे फोडायचो. नऊ वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं होतं आणि त्याच महिन्यात हे सगळं सुरू झालं, हे मी कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलं नव्हतं ना.

इथवर माझा मूर्खपणा माझ्यापुरता होता. पुढचं मात्र बेरिलबाईंना भोवलं.

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. मनोऱ्यातच, घंटांच्या खाली एका खोलीत आठ माणसं गोल उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात एकेक दोर. घंटा एकामागोमाग वाजतात आणि प्रत्येक फेरीला त्यांचा क्रम बदलतो. मोठं वादन म्हणजे पाच हजारांवर फेऱ्या, आणि त्यात एकही क्रम दुसऱ्यांदा यायचा नाही. समोर कागद नसतो, सगळं डोक्यात. तीन तास लागतात. मध्ये थांबता येत नाही, पाणी पिता येत नाही, आपल्या जागी दुसऱ्याला उभं करता येत नाही. एक जण जरी चुकला आणि गाडी रुळावर आली नाही, तर आठही जणांची मेहनत पाण्यात. पुरं झालं तर मात्र मनोऱ्याच्या भिंतीवर लाकडी पाटी लागते, तिच्यावर आठ नावं. माझ्यासारख्या पोटाच्या माणसानं तिथे उभंच राहू नये. पण मला त्या पाटीवर नाव हवं होतं, आणि हावरटपणाला औषध नाही.

मला हे वाजवायला शिकवलं बेरिलबाईंनी. मी वीस वर्षांचा होतो तेव्हा. त्या आता शहात्तरच्या. पोस्टात होत्या, लग्न केलं नाही, गावाच्या टोकाला दगडी घरात एकट्या राहतात. पन्नास वर्षं त्या चौथी घंटा वाजवत आल्या आणि शिकल्यापासून मी त्यांच्या शेजारी पाचवी. आम्ही सगळे बोटांवर फेऱ्या मोजायचो तेव्हा त्या विणकाम करत सांगायच्या, दोन हजार तीनशेव्या फेरीला कुठली घंटा कुठे असेल. मला अजूनही त्या ‘बाळा’ म्हणतात.

गेल्या ऑक्टोबरात घंटांना अडीचशे वर्षं झाली म्हणून मोठं वादन ठरलं. आमचा म्होरक्या रॉडनी, निवृत्त गणित मास्तर, त्यानं वर्षभर तालीम घेतली. मी आदल्या दुपारपासून पोटात काही घातलं नाही. सकाळी जुलाब थांबवायच्या चार गोळ्या घेतल्या. आणि मग, सुरू करायच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी चक्कर यायला लागली म्हणून रॉडनीच्या बायकोनं आणलेले लोण्यानं थबथबलेले दोन सॉसेज रोल खाल्ले. दोन. अशा माणसाला कुणी काय सांगावं?

दोन तास पस्तीस मिनिटं झाली होती. घंटा सुरेख वाजत होत्या. आणि पोटातून कळ आली. ज्याला ती कळ माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला नाही त्यानं विचारू नये. मी घामानं निथळलो. पाच मिनिटं काढली. मग कळलं की आता नाही. वीस मिनिटं काय, दोनसुद्धा नाहीत.

दोर सोडून पळावं तर वर अर्ध्या टनाची घंटा मोकाट सुटते. ‘थांबा, मला जायचंय’ असं ओरडावं तर सात जणांपुढे तसं ओरडावं लागलं असतं. मग मी तिसरा मार्ग काढला. मी मुद्दाम चुकलो. माझी घंटा बेरिलबाईंच्या जागेवर नेऊन घातली. दोन घंटा एकदम आदळल्या. आणि बेरिलबाईंनी, जन्मभराच्या सवयीनं, दारात कुणाचा धक्का लागला की माणूस बाजूला होतो ना, तशी बाजूला होऊन मला जागा करून दिली. त्यांची जागा हलली तशी तिसरी गोंधळली, मग सहावी, आणि दहा फेऱ्यांत सगळा खिचडा झाला. रॉडनी म्हणाला, “थांबा.” आठही घंटा गप्प झाल्या.

त्या शांततेत बेरिलबाई म्हणाल्या, “सॉरी. माझंच चुकलं.”

आमच्याकडे कुणी आपल्या पायावर पाय दिला तर चेंगरलेल्या पायाचा माणूसच आधी माफी मागतो. त्याचा अर्थ काही नसतो, ते तोंडातून निघतंच. पण त्या दिवशी सगळ्यांनी ते खरं मानलं. मी ते खोडून काढायला थांबलो नाही. मी दोर अडकवला आणि धूम ठोकली. बहात्तर पायऱ्यांचा गोल जिना, मग थडग्यांमधून सभागृह, सभागृहाच्या मागचं स्वच्छतागृह. पोचलो. एवढंच सांगतो.

वीस मिनिटांनी वर आलो तर सगळे बेरिलबाईंची समजूत घालत होते. रॉडनी माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला की रागावणं बरोबर नाही, वय झालंय त्यांचं. म्हणजे यांना वाटत होतं मी रागानं निघून गेलो. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात बेरिलबाई स्वतःच आल्या. डोळे लाल, पाठ मात्र ताठ.

“ट्रेव्हर, बाळा, वर्षभराचं तुझं सगळं मी घालवलं. माफ कर मला.”

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “असू दे, बेरिलबाई.”

मी त्यांना माफ केलं. नीट वाचा. मी, त्यांना.

त्यानंतर बेरिलबाई मनोऱ्यात आल्या नाहीत. तिथली किल्ली त्यांनी पाकिटात घालून रॉडनीच्या दारात टाकली. मी स्वतःला समजावलं की शहात्तर म्हणजे काही कमी नाही, थकल्या असतील. दुकानात त्या दिसल्या की मी बिस्किटांच्या रांगेत शिरायचो आणि त्या जाईपर्यंत बिस्किटं वाचत बसायचो. घरी तेरा जातींची बिस्किटं जमली आणि ग्लेनिसला संशय आला.

ग्लेनिसला मी मनोऱ्यातलं काही सांगितलं नाही. पण तिनं नोव्हेंबरात माझा कोट धुवायला काढला आणि त्याच्या खिशात जादाची चड्डी सापडली, पिशवीत नीट घडी घातलेली. दुसऱ्या दिवशी तिनं दवाखान्यात वेळ घेतली आणि माझ्याबरोबर आत येऊन बसली. या वेळी नवीन डॉक्टर होत्या, प्रिचर्ड नावाच्या, वेल्सकडच्या. त्यांनी कसं काय विचारलं. मी म्हणालो, तसं बरंय, तक्रार नाही. ग्लेनिस म्हणाली, “काल सात वेळा. परवा सहा. आज सकाळपासून चार, आणि आत्ता अकरा वाजलेत.” मी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र अभ्यासू लागलो.

डॉक्टर प्रिचर्डनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कधीपासून. ग्लेनिस म्हणाली, पित्ताशय काढल्यापासून. मी म्हणालो, हो का? दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा हात धुण्याच्या चित्राकडे वळलो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. यकृत पित्तरस बनवतं, तो खाल्लेली चरबी पचवायला मदत करतो. काम झालं की लहान आतड्याच्या टोकाशी बहुतेक सगळा रस परत शोषला जातो आणि पुन्हा यकृताकडे जातो. दूधवाला दारातल्या रिकाम्या बाटल्या परत नेतो ना, त्या म्हणाल्या, तसं. तुमच्याकडे बाटल्या परत जातच नाहीत बहुतेक. त्या पुढे मोठ्या आतड्यात जाऊन पडतात आणि तिथे हा रस आतडं खवळवतो, पाणी सुटतं, मग धावपळ. कधी पित्ताशय काढल्यावर होतं, कधी आतड्याचा तुकडा काढल्यावर, कधी काही कारण नसताना. चिडखोर आतडं म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षं असेच बसलेले असतात. याला तपासणी आहे, त्या म्हणाल्या, आणि औषधही आहे.

म्हणजे नऊ वर्षं हे इतकं सोपं होतं. मला हसावं की रडावं कळेना. मी ‘आभारी आहे, तुमचा वेळ घेतला’ म्हणालो.

तपासणीचा नंबर मार्चमध्ये लागला. शहरातल्या रुग्णालयात एक गोळी गिळायला दिली. तिच्यात किरण सोडणारं औषध नखभर असतं. तीन तासांनी यंत्राखाली झोपवून मोजलं. सात दिवसांनी पुन्हा बोलावून मोजलं, म्हणजे आठवड्यात शरीरानं त्यातलं किती राखलं ते कळतं. मधल्या आठवड्यात ग्लेनिस दिवा मालवला की म्हणायची, बघू दे, उजेड पडतोय का. पंधरा टक्क्यांच्या वर राहिलं तर ठीक. माझं राहिलं होतं चार टक्के. आयुष्यात कुठल्याच परीक्षेत मला इतके कमी मार्क मिळाले नव्हते, आणि कुठल्याच निकालानं इतका आनंद झाला नव्हता.

औषध म्हणजे पुड्या. पाण्यात कालवून घ्यायची भुकटी, संत्र्याचा वास, चव ओल्या वाळूची. ती आतड्यात जाऊन पित्तरसाला धरून ठेवते. हाताला लागेल त्या दुसऱ्या औषधालाही धरते, म्हणून रक्तदाबाची गोळी तासभर आधी घ्यायची. मी अर्थातच दोन्ही एकदम घेतलं आणि दवाखान्यातून फोनवर बोलणी खाल्ली. मग उत्साहाच्या भरात दोनाऐवजी तीन पुड्या घेतल्या आणि चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी ग्लेनिसनं बाहेरून दार वाजवून विचारलं, जिवंत आहेस ना. शेवटी एक पुडी सकाळी, एक संध्याकाळी असं बसलं, आणि तळलेल्या बटाट्यांना रामराम. एप्रिलच्या मध्यावर एक दिवस असा आला की मी सकाळी एकदा गेलो आणि पुन्हा जावं लागलं नाही. रात्री जेवताना ते लक्षात आलं आणि मी चमचा खाली ठेवून रडलो. ग्लेनिस माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. मग तिनं स्वतःसाठी रस्सा केला, चार वर्षांनी, आणि मला वाढला नाही.

मे महिन्यात रॉडनी भेटला, चर्चच्या फाटकाशी. मोठं वादन पुन्हा करायचंय, तू पाचवी घे, म्हणाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तीन तास काय, आता मी सहा तास उभा राहिलो असतो. मग तो म्हणाला, चौथीसाठी शेजारच्या गावातून कुणी बघावं लागेल. बेरिलबाईंनी घर विकायला काढलंय.

मी विचारलं, का.

रॉडनीनं सगळं सांगितलं. त्यांच्या आईची स्मृती गेली होती, शेवटी आई त्यांना ओळखत नव्हती. त्या दिवशी मनोऱ्यात चुकल्यापासून त्यांनी धास्ती घेतली. स्मृतीच्या दवाखान्यात जाऊन आल्या. तिथे म्हणाले, आत्ता काही ठाम सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. त्यांनी त्याचा अर्थ लावला की डॉक्टरांना आपल्याला सांगवत नाहीये. गाडी चालवणं सोडलं. भाचीच्या गावात वृद्धाश्रमात खोली घेतली. घराला गिऱ्हाईक आलंय, सोमवारी त्या दलालाला हो म्हणाल्या, शुक्रवारी सह्या.

तो दिवस बुधवार होता, आमचा तालमीचा वार. मी फाटकाला धरून उभा राहिलो.

घरी जाऊन ग्लेनिसला सांगितलं. सगळं, सॉसेज रोलपासून. तिनं खुंटीवरून माझा कोट काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “मी येणार नाही. या वेळी तूच बोल.”

त्याच दुपारी गेलो, तर बेरिलबाईंच्या दारात विक्रीची पाटी होती. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला. अर्धं कपाट खोक्यांत भरलेलं. मी हवेबद्दल बोललो. मग त्यांच्या गुलाबांबद्दल बोललो. मग पुन्हा हवेबद्दल. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मला कळत होतं की असाच बोलत राहिलो तर शुक्रवार येईल.

“त्या दिवशी तुम्ही चुकला नव्हता,” मी म्हणालो. “मी चुकलो. मुद्दाम.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“मला जुलाब लागले होते. थांबवत नव्हतं. सांगायची लाज वाटली. मी तुमच्या जागेवर घुसलो, म्हणजे वादन मोडेल आणि मला जाता येईल.”

त्यांनी बघितलं माझ्याकडे. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कुठे घुसलास?” त्यांनी विचारलं. “नक्की कुठे?”

मी सांगितलं. त्यांनी टेबलावर चार बोटं ठेवली आणि डोळे मिटून त्या दिवशीच्या फेऱ्या मोजायला लागल्या, कुठली घंटा कुठे, सात महिन्यांनंतर, न अडखळता. एका जागी बोट थांबलं. “इथे तू आलास.”

“हो.”

“आणि मी इथेच असायला हवं होतं.”

“हो.”

“रोज मी हे मोजते, ट्रेव्हर. रोज उत्तर येतं की मी बरोबर होते. म्हणून तर मी दवाखान्यात गेले. म्हटलं, बाई, तू चुकलीस आणि तुला ते दिसतसुद्धा नाही, म्हणजे गेलं डोकं.” त्यांनी टेबलावरची बोटं उचलली. “आईचं असंच झालं होतं. ती बरोबरच असायची.”

मी माफी मागितली. पुन्हा मागितली. आम्ही लोक दिवसातून चाळीसदा हा शब्द वापरतो, आणि खरंच लागला तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नव्हतं.

त्यांनी खोक्यातून एक वही काढली. आज काय विसरले, असं रोजच्या रोज लिहिलेलं. चष्मा. किटलीखालचा गॅस. शेजारच्या कुत्र्याचं नाव. पहिल्याच पानावर ऑक्टोबरची तारीख आणि खाली एकच ओळ: चौथी घंटा, कुठे चुकले कळत नाही. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, इथे लिही. मी लिहिलं, चूक माझी, तब्येत बरी नव्हती. त्यांनी वाचलं आणि वही परत माझ्यापुढे सरकवली.

“नीट लिही.”

मी नीट लिहिलं. तो शब्द, पूर्ण, आणि खाली माझी सही.

“आज तालमीला हे सगळ्यांना वाचून दाखव,” त्या म्हणाल्या. “आता तू जा, बाळा. मला राग येतोय, आणि तो मला नीट येऊ दे.”

मी उठलो. दारापर्यंत आलो तर मागे त्यांनी फोन लावल्याचा आवाज आला. मी चोरून ऐकलं, खोटं कशाला बोलू. घरांच्या दलालाला त्या सांगत होत्या की शुक्रवारचं रद्द करा आणि माणूस पाठवून दारातली पाटी काढा. पलीकडचा काहीतरी समजावत असावा, हळू आवाजात, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसा. त्या मध्येच थांबल्या.

“सोमवारी मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतंय,” बेरिलबाई म्हणाल्या. “मी विसरलेले नाही. माझा विचार बदललाय.”